त्या दिवशीचा कायदा

गेंट, ९ ऑक्टोबर

प्रिय अमादेउ,

तुझं पत्र आणि आत लपवलेली केशराची पुडी, दोन्ही पोचली. पोस्टमनने पाकीट हुंगून मला डोळा मारला. कार्मा आणि मुली खुशाल आहेत हे वाचून बरं वाटलं. माझीही तब्येत उत्तम. इथल्या, बेल्जियमच्या ओलीने गुडघे कुरकुरतात, पण ते तिथेही कुरकुरायचेच. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर खटल्याचं अवाक्षर काढायचं नाही असं वकीलबाईंनी बजावलंय, आणि हल्ली खटल्याशिवाय मला दुसरं बोलायला येतं कुठे?

तर बातमी अशी, की मला अटक झाली. घाबरू नकोस, सुटलेही.

ओडिलच्या कारखान्यात होते. नाटकांचे देखावे आणि मिरवणुकीच्या आकृत्या करतो आम्ही, तुला मागे लिहिलं होतं. कोपरापर्यंत खळ लागलेली, आणि दारात दोन पोलीस. चांगले सभ्य. त्यांनी कागद दाखवला, मी वाचला, आणि ओडिल मध्ये पडला.

"न्या हो खुशाल," तो म्हणाला, "पण आधी त्या हंसाची मान पुरी करू द्या तिला. शनिवारी हंस द्यायचाय."

"किती वेळ लागेल?"

"तिने केली तर पाऊण तास. मी केली तर दिवाळं."

आणि खरंच थांबले रे ते! धाकट्याने तर मला कात्री धरून दिली. आपल्याकडचे पोलीस आले होते ते आठवतं ना, आईच्या कुंड्या फोडत आलेले? असो.

न्यायाधीशांनी त्याच दिवशी सोडलं. देशाबाहेर जायचं नाही, आठवड्याला एकदा चौकीत तोंड दाखवायचं. वकीलबाई सरकारी खर्चाने मिळाल्या. नाव लीव्हे. वयाने तुझ्याएवढी, सायकलवरून येते, आणि अर्धं वाक्य ऐकून उरलेलं स्वतःच पुरं करते. तिला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. की आमच्याकडे मार्चमध्ये चौकाचौकात लाकूड आणि कागदाच्या प्रचंड आकृत्या उभ्या करतात, साऱ्या जगाची टिंगल करतात, आणि सणाच्या शेवटी त्या जाळून टाकतात. मी तीस वर्षं त्या आकृत्या घडवल्या. की त्या वर्षी मी सेंतोकाकांची आकृती केली, डोक्यामागे संतांचं तेजोवलय लावून. सेंतोकाका कोण, तर भातखाचरं आणि तळं बुजवून घरं बांधायला आलेली यंत्रं ज्याने माझ्या लहानपणी सुरुंगाने उडवली तो म्हातारा. माणूस एकही मेला नाही. काका मात्र तुरुंगात मेले. आणि हेही, की आकृतीखाली चार ओळींची पाटी होती. ती तिने लिहून घेतली:

देवळातले संत आमचे सोन्याखाली वाकले,
तळ्याकाठी सेंतोकाका एकटेच जागले.
पुन्हा याल भर घालाया, याद राखा यंत्रांनो,
काडी आमच्या खिशात आहे, रात्र आहे मित्रांनो!

"दहशतवादाचं उदात्तीकरण," ती म्हणाली. "दोन वर्षं दिली. पण पहिलाच गुन्हा. शिक्षा स्थगित का नाही केली?"

"न्यायाधीश म्हणाले, खेद व्यक्त करा, घरी जा. मी म्हटलं, एकाच गोष्टीचा खेद आहे, काकांचे कान जरा मोठे झाले."

लीव्हेने कपाळाला हात लावला. मग वॉरंट उघडलं. तिचं म्हणणं मला समजलं तसं सांगते. युरोपात आता एका देशाच्या न्यायाधीशाने वॉरंट काढलं की दुसऱ्याने माणूस हवाली करायचा. काही मोठ्या गुन्ह्यांची यादीच आहे. त्यातल्या गुन्ह्याला तीन वर्षं किंवा जास्त शिक्षा असेल, तर 'आमच्याकडे हा गुन्हा आहे का' असं विचारायचीही सोय नाही. चौकोनात फुली मारली की झालं. माझ्या कागदावर फुली आहे.

"कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा किती?" तिने विचारलं.

"आता तीन वर्षं."

"आता म्हणजे? आकृती जाळलीत तेव्हा?"

"तेव्हा दोन. तीन नंतर केली."

तिने चष्मा काढला आणि हसायला लागली. म्हणाली, "मग ही फुली इथे आलीच कशी? तुम्ही काल केलेल्या गोष्टीला आजची मोजपट्टी! असं असेल तर कुणाला कळणार, आपण काय केलं तर काय होईल?"

जाता जाता तिने विचारलं, पाटीवरचा मजकूर तुमचाच ना. मी म्हटलं, निकालपत्रात तसं लिहिलंय. तिने माझ्याकडे जरा पाहिलं आणि सायकलचं कुलूप काढायला गेली.

तुरुंगात हजर व्हायच्या ऐवजी मी पळाले त्या दिवशी फ्रान्समधल्या पर्पिन्यांच्या स्टेशनापर्यंत तू मला गाडीने सोडलंस, त्याचे आभार मानायचे राहून गेले. सबंध रस्ता तू काहीतरी बोलशील असं वाटत होतं. रेडिओचा आवाज तेवढा वाढवलास. असो, गाडी छान चालवतोस.

आईला अटकेचं सांगू नकोस. सांगशीलच, म्हणून लिहिते: निदान नीट सांग.

तुझी
रेमेइ


गेंट, २ मार्च

प्रिय अमादेउ,

सगळ्यांना आशीर्वाद. आई सुखरूप घरी पोचली असेल, आणि बेल्जियममध्ये माणसं भाजी उकडून तिचा जीव घेतात हे तुला एव्हाना तीनदा ऐकवलं असेल.

तिला इथे पाठवू नकोस असं मी लिहिलं होतं. पण ती शेजारच्या किमेताला घेऊन विमानात बसली, काळा पोशाख, हातात पंखा. बाहेर बर्फ पडत होतं आणि ही कोर्टात पंख्याने वारा घेत बसलेली! तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तुझ्या शाळेत तपासणी होती म्हणे. असेल.

सरकारी वकिलाने पाटीचं भाषांतर वाचलं. आईने मागच्या रांगेतून मला पंख्याने ढोसलं. "काय म्हणतोय तो?"

"पाटी वाचतोय आपली."

"यमक कुठे गेलं?" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की दुभाषी मुलगी तोंड दाबून हसली. न्यायाधीशांनी विचारलं, बाई काय म्हणाल्या. मुलीने सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, "त्यांची तक्रार नोंदवून घ्या."

मग लीव्हे उठली. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, माझी अशील ज्या दिवशी आकृती जाळत होती, त्या दिवशी तिने कायदा उघडून पाहिला असता तर तिला 'दोन' दिसलं असतं. तिला दिसणं शक्य नव्हतं ते 'तीन' आज तिच्या पायात बेडी म्हणून घालता येणार नाही. फुली खोडा, आणि मग विचारा, की इथे बेल्जियममध्ये असल्या चार ओळींबद्दल कुणाला तुरुंगात टाकतात का.

सरकारी वकील म्हणाला, वॉरंट निघालं त्या दिवशी जो कायदा होता तोच पाहायचा. नाहीतर प्रत्येक देशाने दुसऱ्याचे जुने कायदे चाळत बसायचं का? माणूस वाईट नव्हता. त्यालाही खरंच तसं वाटत होतं.

निकाल माझ्या बाजूने लागला. आईने सबंध न्यायासनाकडे बोटांची चुंबनं फेकली. पण सरकारने अपील केलंय, आणि वरचं न्यायालय आता लक्झेंबर्गमधल्या, सबंध युरोपच्या मोठ्या न्यायालयाला विचारणार आहे, की कुठल्या दिवसाचा कायदा धरायचा. सगळ्या देशांसाठी एकदाच काय ते ठरू दे म्हणतात. वर्ष जाईल, दीडही जाईल. लीव्हेला वाटलं मी खचेन. मी तिला म्हटलं, विचारू दे. मलाही ऐकायचंय.

नंतर आम्ही कॉफी प्यायला बसलो. आईने वॅफलवरची सगळी साखर झटकून टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काय आंधळी समजतेस तू?"

"काय झालं?"

"'यंत्रांनो, मित्रांनो.' शेवटची ओळ अशी आरोळी ठोकून संपवायची खोड या घरात एकालाच आहे. दहा वर्षांचा होता तेव्हापासून."

"आई, कॉफी गार होतेय."

"होऊ दे. ज्याचं यमक, त्याने आज माझ्या शेजारी बसायला हवं होतं."

मी विषय बदलला. तूही बदलायला मोकळा आहेस.

आता तू पाठवलेल्या कागदाबद्दल. आपल्याकडच्या राजेसाहेबांकडे माफीचा अर्ज. तुझं अक्षर मला कुठेही ओळखू येतं, पण हे गुळगुळीत शब्द तुझे नाहीत. 'झाल्या चुकीची पूर्ण जाणीव', 'विचारपूर्वक केलेला पश्चात्ताप.' सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने खूणही केलीस! इथेही फुलीच. नगराध्यक्ष शिफारस करतील, सहा महिन्यांत घरी येशील, आईचं वय बघ, असं लिहितोस.

आईचं वय मी बघितलं. ती दोन विमानं बदलून आली होती.

कागद बिनसहीचा परत पाठवतेय. चूक केली असती तर कबूल केली असती. मी मेलेल्या एका म्हाताऱ्याला संत म्हटलं आणि कागदाला काडी लावली. ते मी परत करीन, आणि कान पुन्हा मोठे करीन.

तुझी
रेमेइ


गेंट, २० नोव्हेंबर

अमादेउ,

तुझं अभिनंदनाचं पत्र मिळालं. तू मुख्याध्यापक झालास, तुझंही अभिनंदन.

होय, पेपरात वाचलंस ते खरं आहे. दीड वर्ष लावून लक्झेंबर्गने सांगितलं: कृत्य ज्या दिवशीचं, कायदा त्या दिवशीचा. शिक्षा नंतर वाढवली म्हणून फुलीचा चौकोन मागे जाऊन भरता येत नाही. माणसाला आधी कळलं पाहिजे, कुठल्या गोष्टीसाठी काय भोगावं लागेल. मग इथल्या न्यायालयाने पाहिलं, की या देशात तो गुन्हा आहे का. नाही. हवाली करणार नाही, विषय संपला. ओडिलने कारखान्यात बियर आणली आणि सगळ्यांना सांगितलं की हंस वाचला.

विषय संपला म्हणजे इथे संपला. वॉरंट तसंच आहे. फ्रान्सच्या हद्दीत पाय ठेवला तर सगळं पहिल्यापासून. लीव्हे म्हणते, तिथल्या न्यायाधीशालाही लक्झेंबर्गचं ऐकावं लागेल, पण तोवर कोठडीत किती दिवस जातील कोण जाणे. बेल्जियमएवढा माझा तुरुंग आहे. तसा ऐसपैस आहे.

आता तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर येते. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठे मला खात्री पटली की मी वाचतेय तेच तू लिहिलंयस.

गावातली पोरं मोर्च्यात त्या चार ओळी म्हणतात. तळ्यावरच्या नव्या बांधकामाविरुद्ध सह्या गोळा होतायत, त्यावर त्या छापल्यात. कुणीतरी त्यांना चालही लावली. आणि येत्या मार्चच्या उत्सव पुस्तिकेत समिती त्या छापणार आहे, तर खाली खरं नाव घालावं का, असं तू विचारतोस. 'सत्याला न्याय मिळावा म्हणून.' आणि पुढे कंसात, तुझ्या बारीक अक्षरात: वकिलाला विचारून घेतलंय, माझ्यापुरती गुन्ह्याची मुदत संपलीय, आता काही धोका नाही.

मी ओरडले नाही. कारखान्यात जाऊन लाकूड तासलं. सबंध ओंडका संपवला.

मग आता बोलू या. तू कधी बोलला नाहीस, म्हणून मीही नाही.

तू माझ्या कारखान्यात रंगाच्या डब्यावर बसून त्या ओळी लिहिल्यास. हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हटलं, शेवटची ओळ जरा जहाल आहे. तू म्हणालास, "रेमे, चटका बसला नाही तर ती होळी कसली?" मीच रंगवल्या त्या पाटीवर, निळ्या रंगात. म्हणून न्यायाधीशांनी विचारलं, मजकूर कोणाचा, तेव्हा मी म्हटलं, आकृती माझी म्हणजे पाटीही माझी. खोटं नव्हतं ते, पुरतं खरंही नव्हतं. तू मागे तिसऱ्या बाकावर होतास. मी वळले नाही. मी वळले असते तर सगळेच वळले असते.

तुझ्या जुळ्या मुली तेव्हा तीन महिन्यांच्या होत्या. मी तुला गप्प बसायला सांगितलं नव्हतं, पण बसलास याचा मला राग नव्हता. खरंच नव्हता. राग गाडीतला आहे. पर्पिन्यांपर्यंत चार-पाच तास, आपण दोघंच, ऐकायला तिसरं कुणी नाही. एक वाक्य पुरलं असतं. 'रेमे, ते माझं होतं.' तू रेडिओ लावलास. फुटबॉलचं समालोचन. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही हे तुला माहीत आहे.

आणि आता त्या ओळींना चाल लागली, टाळ्या पडतात, तेव्हा तुला त्या हव्यात.

घे ना. पण शिक्षेसकट घे. त्यांच्याबरोबर फोडलेल्या कुंड्या येतात, आणि आईच्या शेजारची ती रिकामी खुर्ची येते. पुस्तिकेत बारीक अक्षरात नाव छापणं मला मान्य नाही. नाव लावायचं असेल तर उत्सवात, आकृती उभ्या करण्याच्या दिवशी, भर दुपारी चौकात उभा राहा. मला बेड्या घालून ज्या चौकातून नेलं त्याच चौकात. आणि सगळं सांग. बाक कितवं होतं तेही सांग. जमत नसेल तर त्या ओळी माझ्याच राहतील. मी त्या लिहिल्या नाहीत, पण त्यांची किंमत मी मोजलीय, आणि त्या तुला फुकट द्यायला मी बांधलेली नाही.

उत्तर घाईने देऊ नकोस. तुझी घाई म्हणजे वकिलाला फोन.

रेमेइ


गेंट, २६ मार्च

अमादेउ,

आधी आईचा फोन आला, मग किमेताचा, मग ज्याचं नावही मला आठवत नव्हतं त्या पावाच्या दुकानातल्या फेर्मीचा. वकीलबाईंचा नियम मी मोडला. तिघांनीही वेगवेगळं सांगितलं, पण एका गोष्टीवर तिघांचं एकमत आहे: तू फार हळू बोललास आणि मागचे लोक "मोठ्याने!" म्हणून ओरडत होते.

आई सांगते, तू खुर्चीवर चढलास तेव्हा लोकांना वाटलं नेहमीसारखं स्वागताचं भाषण. तू म्हणालास, "या ओळी माझ्या बहिणीच्या नाहीत. माझ्या आहेत. तिला शिक्षा झाली तेव्हा मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो आणि मी तोंड उघडलं नाही." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बँडवाल्यांना कळेना वाजवायचं की नाही. मग आपल्या गल्लीतली म्हातारी सिलवेरिया पुढे आली आणि तुझ्या बुटांवर थुंकली. तू खाली उतरलास, बूट पुसले नाहीस, आणि आईच्या शेजारी जाऊन बसलास.

"तू काय केलंस?" मी आईला विचारलं.

"मी काय करणार? पंखा त्याच्या बाजूला फिरवला. घामाने निथळत होता पोरगा."

मी फोन ठेवला आणि ब्रशची उलटी बाजू रंगात बुडवली. ओडिलने विचारलं, कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, आलं.

मला वाटलं होतं, तू बोललास तर मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. नुसतं हलकं वाटलं, आणि भूक लागली. एवढंच तुला सांगते. माफ केलं वगैरे मी लिहिणार नाही. ते शब्द त्या अर्जातले आहेत आणि मला ते कुणासाठीच वापरायचे नाहीत.

आता कामाचं. किमेताने सांगितलं, लगेच दोन दिवसांत शिक्षण खात्याची नोटीस आली. गुन्हा म्हणून काही होणार नाही, मुदत गेली, पण शिक्षकांच्या वर्तनाच्या नियमांखाली चौकशी. मुख्याध्यापकाची खुर्ची जाईल, कदाचित नोकरीही. आणि नोटीस घेऊन आलेल्या खात्याच्या गृहस्थांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं म्हणे, की चार ओळींचं खेदपत्र द्या, प्रकरण फाइलीत बंद करतो. तू विचार करतोयस, असं ती म्हणाली.

विचार करू नकोस.

मला ठाऊक आहे ती चौकशीची खोली. टेबलावर पाण्याचा पेला ठेवतात, तुम्ही दमलात म्हणतात, मुलींचं वय विचारतात. पेनचं टोपण काढून ठेवलेलं असतं. सही केलीस तर खुर्ची राहील, आणि चौकात बोललास ते सगळं पुसून जाईल. उद्या कुणीही म्हणेल, अहो, त्यानेच लिहून दिलंय की चूक झाली.

मी लीव्हेला विचारलं. तिने पहिला प्रश्न हाच केला: वर्तनाचे नियम कधीचे? किमेता म्हणते गेल्या सप्टेंबरचे. आणि ओळी केव्हाच्या? तेव्हा तुझ्या मुलींचा जन्मही झाला नव्हता! लीव्हे पुन्हा चष्मा काढून हसली. तिचा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर देतेय. ती म्हणते तिथला कायदा तिचा नाही, पण तिथल्या एका चांगल्या माणसाला ती ओळखते, आणि लक्झेंबर्गचा निकाल तुझ्या भाषेत छापलेला आहे. ते नियमही वेगळे, खटलाही वेगळा. उपयोग होईलच असं ती छातीठोक सांगत नाही. मीही सांगत नाही. नोकरी जाऊही शकते. गेली तर कार्माला सांग, ओडिलला रंगारी हवाय, आणि त्याला यमकाचं वेड आहे.

पण खोलीत जाशील तेव्हा पाठ ताठ ठेव. नमस्कार कर, पाणी पी, फुकटचं आहे. ते म्हणतील, खेद व्यक्त करा. तू म्हण, आधी सांगा, कुठल्या दिवसाचा नियम मला लावताय. ते म्हणतील, हे प्रकरण तसं नाही. तू पुन्हा तेच विचार. जेवढ्या वेळा ते बोलतील तेवढ्या वेळा विचार. मोठ्याने विचार, मागे कुणी ओरडायची वाट बघू नकोस.

आणि सही करू नकोस. मी घरी येईन तेव्हा कुणी दया केली म्हणून येणार नाही, आणि त्या दिवशी स्टेशनवर मला न्यायला येणारा माणूस मला सही न केलेला हवाय.

वाट बघते,
तुझी बहीण
रेमेइ